डोंगरावरची तिसरी

तिसऱ्यांच्या कालवणाचा वास इथं आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटभर पसरला, की मी थेट अल ऐनजवळच्या जबल हफीतच्या माथ्यावर पोचतो.

लग्नानंतर सलमा रत्नागिरीहून नुकतीच आली होती आणि रोज परतीचं तिकीट मागत होती. जरा मन रमेल म्हणून मी तिला डोंगरावर नेलं. वर ना झाड, ना गवत. नुसता पिवळट खडक, कोरडा वारा आणि खाली नजर पोचेल तिथवर वाळू.

"समुद्राकाठची मी, आणि कुठं आणलंत मला!" म्हणत ती मटकन खाली बसली. हाताला काहीतरी खरखरीत लागलं. खडकात रुतलेली अख्खी तिसरी, शिंपल्यावरच्या बारीक रेघांसकट!

"अहो, इथं समुद्र होता!" ती ओरडली आणि बाटलीतलं पाणी ओतून ओतून खडक धूत सुटली. मी "यल्ला, यल्ला, चल आता" करत राहिलो. ऊन कलेपर्यंत ती हलली नाही. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. तेव्हा मला ती माझीच हुशारी वाटली होती.

आजही कालवणात एखादी तिसरी उघडत नाही. सगळे ती टाकून देतात. सलमा बाल्कनीतल्या कुंडीत पुरते.

"ममा, व्हाय?" लेक विचारते.

"असू दे. हिला अजून डोंगर व्हायचंय."