हळदीचे वेफर्स आणि आत्याची एकादशी

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या शिक्षणाचं काही ठरवायची वेळ आली की कुणालाच काही सुचत नाही. बी.ए. झाल्यावर लातूरला वसतिगृहात राहून पुढचं शिकते, असं मी कसंबसं बाबांना सांगितलं. ते बराच वेळ म्हशीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अक्काला इचारू."

अक्का म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. देगलूरला असते. ती हो म्हणाली की बाबांचं हो, ती नाही म्हणाली की विषय संपला. भोकरजवळच्या आमच्या गावी ती आली ती नेमकी एकादशीच्या आदल्या दिवशी. चप्पल काढता काढताच म्हणाली, "उद्या भगर नको बाई. भगर खाऊन खाऊन लई कंटाळा आला."

मळ्यात केळी होतीच. मी म्हणाले, "आत्या, उद्या मी तुला कच्च्या केळीचे वेफर्स करते. स्टँडवर मिळतात तसे."

आई हसली. "हिनं भाजलेला पापड कुत्रं खात न्हाई, अक्का."

दुसऱ्या दिवशी मी सगळी खबरदारी घेतली. कढईत परवा भजी तळली होती, म्हणून ती चिंचेने घासली. शेंगतेलाची नवी पिशवी फोडली. उपवासाचं मीठ वेगळं काढलं. केळीचा चीक बोटांना लागला की निघता निघत नाही, म्हणून हाताला तेल चोपडून केळी सोलली. मोबाइलवर एक ताई दाखवत होती तशी किसणी कढईवर धरली आणि चकत्या थेट तेलात सोडल्या. पहिला घाणा वातड झाला. लग्नात बायका बसतात तशा चकत्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. दुसऱ्या घाण्याला आच वाढवली, झाऱ्याने त्यांना सोडवलं आणि ताईची खरी युक्ती केली. वाटीत कालवलेलं मिठाचं पाणी चमचाभर त्या तेलात सोडलं. तेल असं खवळलं की मी दारापर्यंत पळाले. फसफस थांबल्यावर चकत्या काढल्या. परात हलवली तर बांगड्यांसारख्या वाजल्या. मग मला जोरच चढला. होती नव्हती तेवढी सगळी केळी तळून टाकली.

आई आली. तिने परातीकडे बघितलं, मग वाटीकडे.

"ह्या पाण्यात काय घातलंस गं?"

"मीठ."

"आणिक?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ताईने पाण्यात हळद घातली होती, म्हणून मीही घातली होती. आमच्याकडे उपवासाला हळद चालत नाही. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे.

दारातून आत्याचा आवाज आला, "अय्यो! घरात आईच्या नजरेसमोर हे ध्यान. लातूरला गेल्यावर एकादशीला मटण शिजवशील!"

माझं लातूर तिथेच बुडालं, असं मला वाटलं. आत्याने गुपचूप भगर खाल्ली. बाबांना संध्याकाळी चहाबरोबर द्यावेत म्हणून आईने परात झाकून देवाच्या खोलीत फळीवर ठेवली.

दुपारी मी अंगणात त्या खोलीच्या खिडकीखाली कढई घासत होते. आत आत्या माळ घेऊन बसली होती. "हरी, हरी, हरी." मग एकदम, कुर्रम. मी हात थांबवला. आतही शांतता. "हरी, हरी." आणि कुर्रम, कुर्रम.

मी तोंडात ओढणी कोंबली. मग हात धुतले, जास्वंदीची फुलं तोडली आणि आत गेले. आत्या डोळे मिटून बसली होती. बोटं माळेवर, एक गाल फुगलेला.

"आत्या, पाणी देऊ?"

"हं हं."

"पाठ दुखते का?"

"हं हं."

चावावं तर आवाज होणार, गिळावं तर टोचणार. मी देवासमोर बसले आणि फुलं वाहायला लागले. एकेक. अगदी सावकाश. आत्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटला.

संध्याकाळी बाबा मळ्यातून आले. आईने चहा ठेवला, परात पुढे सरकवली. बाबांनी एक वेफर तोंडात टाकला आणि विचारलं, "अक्का, पोरीच्या लातूरचं काय करायचं?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी परातीकडे बघितलं.

"जाऊ दे की," आत्या म्हणाली. "हात चांगला हाय पोरीचा. कसले कुरकुरीत झालेत."

आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "तुम्हाला कसं कळलं, अक्का? तुमचा तर उपवास हाय."

"आवाजावरून! तुझा नवरा खातोय ते ऐकू येत न्हाई का? बहिरी हाय का मी?"

बाबा "हाव" म्हणाले. तो होकार लातूरला होता की अक्काच्या प्रश्नाला, मला कळलं नाही, पण मी उशीर न करता पाया पडून घेतलं. आधी बाबांच्या, मग आत्याच्या. वाकले तेव्हा तिने माझ्या पाठीत हळूच एक धपाटा घातला.

आता मी लातूरला असते. एकादशीच्या सुमारास गावी निघाले की आत्याचा फोन येतो.

"केळीचं करून ठेव गं. मी येऊन राहिले."

"आत्या, एकादशी आहे. बिनहळदीचे करू ना?"

पलीकडून आधी "हरी, हरी" ऐकू येतं.

"न्हाई, तसलेच कर," ती म्हणते. "मी द्वादशीला खाईन."