मावशीची परत येण्याची तालीम

“हिला कशाला सांगतेस इंग्लिश शिकवायला? ही तोंड उघडेपर्यंत माझं विमान जाऊन परत येईल,” मावशी स्वयंपाकघरात आईला म्हणत होती. मी बाहेरच्या खोलीत होते. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या भिंती काही पोटात ठेवत नाहीत.

मावशी आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर एकटी राहते. मुलगा अमेरिकेत. त्याला बाळ झालं होतं आणि मावशीला व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जायचं होतं. मराठीतूनही बोलता येतं, असं मी सुचवून पाहिलं. पण विहीणबाईंनी इंग्लिशमधून मुलाखत दिली होती म्हणे. विषय संपला.

“परत येणार का, असं विचारतील,” मी म्हटलं. “काय सांगशील?”

“बघू की.”

“असं नाही चालत गं.”

मग मी शाळेत पाठ केलेला भविष्यकाळ बाहेर काढला. ‘आय विल रिटर्न’, म्हणजे वचन. मावशीला ते पोकळ वाटलं. “उद्या पाणी येईल म्हणून नगरसेवकपण सांगतो.” ‘आय अ‍ॅम गोइंग टू रिटर्न’, म्हणजे मनाशी पक्कं केलंय. “गोइंग नको. निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं. एवढी फी घेतली, हे नाही शिकवलं होय शाळेत?” मग ‘माय फ्लाइट लीव्ह्ज इन मार्च’. वेळापत्रकातली गोष्ट असली की साधा वर्तमानकाळ चालतो, मी सांगितलं.

“एसटीच्या टायमासारखं?”

“हो.”

“म्हणजे सुटेल तेव्हा खरं.”

आई खोकल्याचं निमित्त करून हसत होती.

शेवटी ‘आय अ‍ॅम रिटर्निंग इन मार्च’वर आलो. सगळं ठरलंय, तिकीटही काढलंय, तेव्हा असं म्हणतात. मावशीनं ते छान म्हटलं, अगदी विहीणबाईंच्या थाटात. मी पुन्हा म्हणायला सांगितलं, तर अडली.

“पोरगा म्हणतोय, आता कायमचीच तिकडं राहा. पुढं कागदपत्रांचं तो बघतो म्हणाला. मी हो म्हटलं नाही. नाहीपण म्हटलं नाही.”

आईचं हसू थांबलं. तिलाही हे नवीन होतं.

ऑफिसमधून येताना मी रोज आधी मावशीकडे डोकावते. वर घरात जे सांगत नाही ते तिथं सांगते, आणि मावशी त्याची यथेच्छ टिंगल करते. खालच्या त्या दाराला कुलूप, असं मी कधी मनातही आणलं नव्हतं.

“मग काय सांगू साहेबाला?” मावशीनं विचारलं. “चांगलं वाक्य दे की एखादं. लई शिकलीस ना?”

वाक्यं होती, पण सगळी तिनं म्हणायची; माझ्या मनातलं त्यांत एकही नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आईपण.

“साहेबाला काय सांगायचं ते सांग,” मी म्हणाले. “पण तू परत ये, मावशी. तू तिकडंच राहिलीस तर मला चालणार नाही.”