आम्ही चारनंतर चहा घेत नाही

त्याने कपावर हात ठेवला.

मी ट्रे घेऊन त्याच्यासमोर वाकलेली होते. कपातून वाफ येत होती आणि निखिलने त्यावर तळहात आडवा धरला. नको.

त्याच्याआधी त्याच्या आईने नको म्हटलेलं. "आम्ही ना, चारनंतर चहा घेत नाही." घड्याळात पावणेपाच झाले होते. मग वडील. "ॲसिडिटी." मग मोठा भाऊ. त्याला कारणही सुचलं नाही, तो नुसता हसला. मी ट्रे घेऊन पुढे सरकत होते आणि मनात म्हणत होते, निखिल घेईल. निखिल घेणारच. ह्याच घरात, ह्याच खुर्चीवर बसून त्याने माझ्या आईकडे दुसरा कप मागून घेतलेला. "आई, असा चहा आमच्याकडे होत नाही," असं म्हणून. पण तेव्हा तो लॅबमधला मित्र म्हणून यायचा. त्या दिवशी तो आई-वडिलांबरोबर लग्नाची बोलणी करायला आलेला.

मी ट्रे टीपॉयवर ठेवला आणि आईच्या शेजारी जाऊन बसले. पाऊण तास बोलणी झाली. पाऊण तास ते कप तसेच राहिले. चहावर साय धरली, तिला सुरकुत्या पडल्या. सगळ्यांना दिसत होतं, आणि कोणी बघत नव्हतं.

आम्ही आंबिवलीला राहतो. चाळ होती, तिची इमारत झाली. पप्पा कंपनीत होते, कंपनी बंद पडली, मग पप्पांनी मिळेल ते काम केलं आणि मला शिकवलं. मी कल्याणला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. आम्ही बौद्ध. निखिलची जात मी इथे लिहीत नाही. तुमच्या मनात जी आली ती घाला, बसेल.

त्या चहाची गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरी चहाचा मसाला आई स्वतः कुटते. सुंठ, वेलची, मिरी, दोन लवंगा, किसलेलं जायफळ. गॅलरीत तेलाच्या डब्यात गवती चहा लावलाय, त्याची दोन पाती पाण्यात टाकते. आलं ठेचून, पत्ती घालून पाणी चांगलं उकळलं की मग दूध. मग दोन उकळ्या, तिसरी येऊ द्यायची नाही. मजल्यावरच्या बायका वास आला की दार वाजवतात. पण त्या दिवशी आईने मसाल्याची बरणी फळीवर मागे सरकवली आणि दुकानातून आणलेलं सीलबंद पाकीट फोडलं.

मी विचारलं, "हे कशाला?"

"हातचं कुटलेलं त्यांना चालेल न चालेल. पाकिटाचं कसं, बाहेरचं असतं," आई म्हणाली.

कपसुद्धा नवे आणलेले. ट्रेमध्ये मांडताना मी बघितलं, बशांच्या खालची स्टिकरं तशीच होती. मी नखाने काढायला लागले तर आईने माझा हात धरला. "राहू दे. कोणी उलटी करून बघितली तर कळेल, आपण वापरलेल्या नाहीत."

मी राहू दिली. मी शिकलेली, कमावती, एकतीस वर्षांची बाई. मी स्टिकरं राहू दिली, कारण मला निखिल हवा होता. चार वर्षं हवा होता. नाक मुठीत धरून बसलेली मी. एवढं सगळं करूनही कोणी बशी उलटी करून बघितली नाही. उलटी करायला आधी कप उचलावा लागतो.

ते गेले आणि निखिलच्या आईचं चष्म्याचं घर सोफ्यावर राहिलं. मी ते घेऊन पळत खाली गेले. नाक्यावर रिक्षा स्टँडला टपरी आहे, तिथे चौघं उभे होते. चौघांच्या हातात काचेचे ग्लास. निखिल फुंकर घालत होता.

मी चष्म्याचं घर पुढे केलं. त्याच्या आईने ग्लास दुसऱ्या हातात घेतला.

"अगं, ह्यांचं डोकं चढलं ना, म्हणून."

मी काय म्हणावं? ऐका, आणि माझी कीव करू नका. मी म्हटलं, "हो ना काकू, ऊनच आहे. सावकाश जा."

घरी आल्यावर आईने विचारलं, रिक्षा मिळाली का त्यांना. मी सांगितलं, लगेच मिळाली. आई कप उचलून मोरीत ओतायला निघालेली. पप्पा म्हणाले, "ओतू नको. एवढं दूध घातलंय." त्यांनी सगळे कप पातेल्यात परत ओतले, गरम करायला ठेवले. परत गरम केलेला मसाल्याचा चहा कडू होतो. पप्पांनी तो एका दमात प्यायला आणि मग दुसऱ्या खेपेला राहिलेलाही. मला म्हणाले, "माणसं तशी बरी वाटतात."

रात्री फोनवर मी निखिलला विचारलं, "तू का नाही प्यायलास?"

"अगं, मी प्यायलो असतो तर आई तिथेच उठली असती. आपल्यासाठीच नाही प्यायलो मी."

आपल्यासाठी! आणि मला ते पटलं. पटवून घेतलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात ना. पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. जेवण जायचं नाही. लॅबमध्ये शीर सापडायची नाही, मला, जिला सगळे म्हणतात हिचा हात हलका आहे. निखिलच्या आईनेही म्हटलेलं. शुगर तपासायला आलेल्या तेव्हा त्यांचं रक्त मीच काढलं होतं, पण त्यांना माझं आडनाव माहीत नव्हतं. मी रोज त्याला मेसेज करायचे, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. तो लिहायचा, वेळ दे. मी स्वतःला सांगायचे, माणसं बदलतात, आपण प्रेमाने जिंकू. इतकी लाचार मी आयुष्यात कधी झाले नव्हते, आणि ते लाचार होणं मला तेव्हा समजूतदारपणा वाटत होता.

मग एका शुक्रवारी तो हसत आला. "आई तयार झाली. रविवारी तुला घरी बोलावलंय. एकटीच ये, आरामात बोलू."

मी रडले. लॅबच्या स्टोअररूममध्ये तोंडावर हात दाबून आनंदाने रडले.

त्यांचं घर डोंबिवलीला, सातव्या मजल्यावर. सगळे गोड वागले. मला सोफ्यावर बसवलं. चांगल्या कपात चहा दिला, बरोबर चकली. निखिलची आई माझ्या शेजारी बसून माझ्या हातावर हात ठेवून बोलत होती. "आमच्याकडे कोणी काही मानत नाही गं. जग कुठे चाललंय."

किचनमध्ये मोठी सून एकटीच राबत होती. मघापासून भांड्यांचा आवाज येत होता. मी उठले. "वहिनींना मदत करते. दुसऱ्यांदा चहा मी टाकते, मसाला आणलाय मी आमच्या घरचा." आईने कुटलेला मसाला छोट्या डबीत घेऊन गेले होते मी. प्रेमाने जिंकायचं होतं ना.

निखिलची आई उठली आणि किचनच्या दारात उभी राहिली. वाट अडवून. पण हसत.

"तू बस बाई. तुला किचनचं काही बघायचं नाही, आत्ता नाही आणि लग्नानंतरही नाही. तू नोकरी करणारी. तुला लाडात ठेवणार आम्ही."

"मला आवडतं, काकू."

"तसं नाही. किचनमध्ये देवघर आहे ना आमच्या."

मी निखिलकडे बघितलं. तो मोबाइल बघत होता. "मस्त आहे की," तो म्हणाला. "मैत्रिणींना सांग तुझ्या, जळतील."

तेव्हा मला सगळं दिसलं. पुढची तीस-चाळीस वर्षं. ह्या सोफ्यावर मी बसलेली. आजारी पडले तर माझ्या हातात आयता कप, आणि नवरा आजारी पडला तर त्याला माझ्या हातचा काढा नाही. माझं मूल तहानलेलं रडेल तर आजी येईपर्यंत थांबायचं. माझे आई-पप्पा येतील, दारातल्या खुर्चीवर बसतील आणि आई घरून निघतानाच पाण्याची बाटली भरून घेईल, कोणाला अडचण नको म्हणून. आणि मी ह्याला लाड म्हणायचं. लोकांना सांगायचं, माझं नशीब बघा.

मला राग आला नव्हता, अजून नाही. भीती होती. विहिरीत डोकावताना वाटते तशी.

मी त्यांच्या बाजूने आत शिरले. धक्का दिला नाही, पण अंग चोरलंही नाही. ओट्यापाशी गेले, पातेलं घेतलं, नळाखाली धरलं. गॅस पेटवला.

"वहिनी, आलं कुठेय?"

वहिनींनी सासूकडे बघितलं. मग डोळ्यांनीच टोपली दाखवली.

मी आलं ठेचलं. घरात दुसरा आवाज नव्हता, बत्त्याचाच. साखर, पत्ती, डबीतला मसाला. दूध घातलं. उकळी आली, खाली बसू दिली, दुसरी आली, गॅस बंद केला. एक थेंब सांडला नाही. पाच कप भरले, बाहेर आणून टीपॉयवर ठेवले.

निखिलची आई रडायला लागली होती. वडील उठून गॅलरीत गेले. भाऊ आतल्या खोलीत.

मी निखिलला म्हटलं, "पी."

"काय नाटक लावलंयस?"

"पी. आईसमोर पी. तेवढंच."

त्याने आईकडे बघितलं. मग त्याने कप उचलला आणि प्यायला. गरम चहा, घोटावर घोट, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रिकामा कप माझ्यासमोर आपटला.

"झालं? प्यायलो मी. आता आईला सॉरी म्हण."

चार वर्षं मी ह्या एका गोष्टीसाठी झुरले होते. त्याने माझ्या बाजूने एकदा उभं राहावं. राहिला. आणि त्याचा चेहरा इंजेक्शन घेतलेल्या माणसासारखा होता, मी रोज बघते तसा. त्याला वाटत होतं, त्याने फार मोठं काही केलंय. माझ्या हातचा चहा पिणं हे त्याच्यासाठीही धाडसच होतं. आमच्या घरी मागून घेतलेले ते सगळे कप, तेही धाडसच असणार, चोरून केलेलं. आणि ह्या धाडसाची किंमत मी आयुष्यभर माफी मागून द्यायची.

"नाही म्हणणार," मी म्हटलं. "आणि लग्नही नाही करणार."

तो हसला. त्याला वाटलं, चिडलेय, शांत होईन. पण त्याच्या आईचं रडणं त्या क्षणी थांबलं. मी बघितलं ते. डोळे पुसून त्या वहिनींना म्हणाल्या, "ते पातेलं गॅलरीत ठेव." आणि वहिनींनी ते दोन बोटांत धरून नेलं.

मी शूर वगैरे नव्हते. सात मजले जिन्याने उतरले, कारण लिफ्टची वाट बघायची ताकद नव्हती. कल्याणच्या बसमध्ये एवढी रडले की कंडक्टरने तिकीट देऊन मान वळवली. मला वाटत होतं मी मरेन. अजूनही कधीकधी वाटतं.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. टपरीवरचंही, जे मी लपवलेलं. आई भिंतीला टेकून बसली. "तेव्हाच सांगायचं होतंस गं. मी तो चहा ह्यांना पिऊ दिला नसता."

पप्पा म्हणाले, "मला माहीत होतं. गॅलरीतून दिसते ती टपरी."

"मग प्यायलात कशाला?" आई ओरडली.

"पोरीला तो मुलगा हवा होता," पप्पा म्हणाले, आणि उठून आत गेले.

हे वाक्य मी रोज ऐकते. माझ्यासाठी माझ्या बापाने तो कडू चहा गिळला आणि वर म्हणाला, माणसं बरी वाटतात. मी मागितलं नव्हतं. पण मी इतकी गरजू झाले होते, की त्यांना ते न मागताच कळलं. ह्याची लाज मला निखिलच्या घरच्यांपेक्षा जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी मी लॅबला गेले. निखिल शेजारच्या काउंटरला बसतो. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हवं तर ठाण्याच्या शाखेत जा, तुला अवघड होईल. मी म्हटलं, मला काही अवघड होत नाही. खोटं होतं. अवघड होतं. त्याचा आवाज आला की सुई धरलेला हात घट्ट करावा लागतो. पण उठून जायचं तर त्याने जावं.

बायका विचारतात, लग्न मोडलं म्हणे? मी सांगते, मी मोडलं. आता तुझं वय, असं म्हणून त्या गप्प होतात. बरोबर आहे त्यांचं. कदाचित कोणी येणार नाही. मला एकटेपणाची भीती वाटते, आणि ती मी लपवणार नाही.

पण कोणी आलंच, तर आमच्याकडे आधी चहा होईल. रोजच्या कपात, रोजच्या मसाल्याचा. बोलणी नंतर. कोणाचा कप भरलेला राहिला तर मी कारण विचारणार नाही आणि पाऊण तास वाटही बघणार नाही. आई-पप्पांच्या आधी मी उठेन आणि दार उघडून उभी राहीन, ते सगळे बाहेर पडेपर्यंत.