लेकरू कोणाजवळ होतं?

हे मी कोणालेच सांगतलं नाही. नवऱ्याले नाही, माहेरच्या मायलेही नाही. तुम्हाले सांगून राहिली. कोणी ऐकत तं नसन ना — आताही मागं वळून पाहतेच मी.

माहा पोरगा तेव्हा नुकताच रांगू लागला होता. मोहाडीजवळचं आमचं गाव, दिवस धानाच्या रोवण्याचे. अशा दिवसांत घरच्या सुनेले घरी बसता येते काय? पण पोरगा मले सोडेच ना. मी नजरेआड झाली का रडे, आणि रडता रडता त्याचा श्वास अडके. ओठ निळे पडत. मंग काहीच आवाज नाही... त्या चुपचापीले मी जितकी भेली, तितकी सापालेही भेली नाही. झोपला तरी मूठ माह्या केसात. मूठ सोडवली का दचकून उठे.

सासू म्हणे, "डोळा चुकवून निघत जा. लेकरू विसरते." मंग तो झोपला का मी आपलं नेसून सोडलेलं लुगडं त्याच्या कुशीशी ठेवून मागच्या दारानं निघत होती. त्याले वाटावं, माय आहेच जवळ. पण जागा झाला का तो लुगडं चाचपे, आणि त्यात माय नसे. हळूहळू तो झोपेलेच भिऊ लागला. डोळे मिटले का माय जाते, हे त्याले कोणी शिकवलं? मीच ना?

सुमनताई त्याले सांभाळत. नवऱ्याची मोठी बहीण, विधवा, लेकरूबाळ नाही, आमच्याच घरी राहत. त्या म्हणत, "मंदे, त्याले जागेपणी सांगून जात जा. रडन, पण माय वापस येते हेही त्याले समजन." खरं होतं त्यांचं. मी एक-दोनदा केलंही तसं. पण त्याचं ते रडवेलं तोंड — पाहवेच ना मले. मी भित्री आहो, लहानपणापासूनच.

तर त्या दिवशी ताई तळ्यावर कपडे धुवाले निघाल्या. मी म्हटलं, "जा तुम्ही, येतपर्यंत मी आहो घरी." पोरगा झोपला होता. तेवढ्यात रोवणाऱ्या बायांनी रस्त्यावरून हाक मारली. ताई आता येतीलच, असं मनाले सांगतलं, लुगडं ठेवलं, बाहेरून कडी लावली आणि निघाली. गल्लीच्या कोपऱ्यावरच त्याचं रडणं कानावर आलं. मी थांबली. मंग ते रडणं मध्येच तुटलं. झोपला असन, म्हणून मी चालू लागली. झोपला असन! मले का माहीत नव्हतं, त्याचं रडणं तुटते तेव्हा काय होते?

धानाच्या बांधीवर, शेतात, पोचतच होती, तं शेजारची पोरगी धावत बोलवाले आली. घरी गल्ली गोळा झालेली. पोरगा ताईच्या मांडीवर, अंग सैल, तोंडावर पाणी मारलेलं, आत्ताच कुठं श्वास घेतलेला. तेवढ्यात बाहेरून आलेली सासू कडाडली, "लेकरू कोणाजवळ होतं?"

ताईनं माह्याकडं पाह्यलं. "मंदा होती ना घरी."

आणि मी म्हटलं, "नाही जी. मी तं ताईजवळ देऊन निघाली."

आधी पोराले उचलाले पायजे होतं. मी आधी खोटं बोलली.

"जिले लेकरू नाही, तिले लेकराची काय कदर!" सासू सगळ्यांसमोर बोलली. त्यानंतर ताईनं त्याले कधी घेतलं नाही. दिवाळीआधी त्या वरठीले गेल्या, कामगारांच्या खानावळीत पोळ्या लाटाले. आणि पोरगा? मी कुशीत असूनही तो दाराकडं पाहून ताईसाठी रडे.

आता तो शाळेत जाते, बिनघोर झोपते. ताई सणाले आल्या का मलेच झोप येत नाही. आज बोलतील काय? सगळ्यांसमोर बोलतील काय? त्या कधीच बोलत नाही.

मागच्या महिन्यात शेजारणीच्या नातीच्या बारशाले ताई आल्या होत्या. बाळंतिणीनं बाळ त्यांच्यापुढं धरलं. ताईनं दोन्ही हात मागं घेतले. "नको बाई, माह्याजवळ लेकराची हेळसांड होते," म्हणाल्या. हसूनच म्हणाल्या. मी बाजूलेच घुगऱ्या वाटत होती. पुढच्या बाईच्या हातावर मूठभर घुगऱ्या ठेवल्या — आणि पुढं सरकली.