जावयाकडे आलेली केस

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मी तीन मतांनी पडले. अमडापूरजवळचं आमचं गाव लहान. काही जणांची नावं दोन वॉर्डांच्या यादीत होती आणि त्यांनी दोन्हीकडे मतदान केलं, हे मला पक्कं माहीत होतं. निकालानंतर चारच दिवसांनी वांग्यांचा तोडा अर्धवट टाकून मी चिखलीचं कोर्ट गाठलं.

वकीलबाई अर्ज दाखल करत होत्या. मी हळूच विचारलं, "चांगल्या साहेबांकडे लावता येईल का?"

"हे काम दोन न्यायाधीश बघतात. केस कोणाकडे जाणार ते कॉम्प्युटर ठरवतो. समोरच्यानं येऊन असंच विचारलं तर तुम्हाला चालेल?"

मी पुढं होऊन अर्जावर सही केली.

केस कोणत्या न्यायाधीशांकडे लागली ते कळलं आणि दुसऱ्याच दिवशी माहेराहून भावाचा फोन आला. "अवं बाई, ते तं आपले जावई! धाकट्या काकाची पोरगी त्यायलेच देली." त्या लग्नाच्या वेळी माझी मुलगी आजारी होती, म्हणून मी गेले नव्हते. त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

नवरा खूश झाला. "आता कायची चिंता? केस घरातच आली."

"मी वकीलबाईले सांगतो," मी म्हणाले.

"काऊन? देवानं देलं अन् तू लाथाडून राह्यली!"

"मी जिकली तं पाच वर्सं गाव म्हणन, जावयानं निवडून आणली. मले तसं नाही पायजे."

तो ताटावरून उठून गेला. मलाही भीती वाटत होतीच, पण ठरलं ते ठरलं.

तारखेला वकीलबाईंनी उभं राहून नातं सांगितलं. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, माहेर कोणतं तुमचं?" मी गावाचं नाव घेतलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला हे माहीत नव्हतं. आता ही केस मी ऐकणं बरोबर नाही."

समोरचे वकील पटकन म्हणाले, "साहेब, आमची काही हरकत नाही."

"प्रश्न हरकतीचा नाही, वकीलसाहेब."

त्यांनी जिल्हा न्यायाधीशांना तसं लिहून कळवलं. तिकडून हुकूम येऊन केस दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेली. त्यात बरेच दिवस गेले. गावात लोक हसायचे, "हिनं सोताच्या पायावर धोंडा पाडला." मी एकही तारीख चुकवली नाही. पहाटे भाजी तोडायची, नवऱ्याच्या हाती बाजारात पाठवायची आणि एसटी धरायची.

शेवटी मत दिलेल्यांच्या नावांवर खुणा केलेल्या याद्या कोर्टात उघडल्या. दोन्हीकडे मत दिलेले दोघंच निघाले. फरक तीन मतांचा, म्हणून अर्ज फेटाळला गेला.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "त्या जावयाकडेच राहू देलं असतं तं?"

"त्यायच्याकडं बी दोघंच निघाले असते," मी म्हणाले.

निवडून आलेली बाई दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर भेटली. "ताई, तुमचा नातेवाईक होता म्हणे," ती म्हणाली, "मी असती तं बोलली नसती." मी तिला एवढंच म्हटलं, "चल, ती दुबार नावं यादीतून काढाचा अर्ज देऊ. आपल्याच वॉर्डातली हायेत."

त्या सोमवारी आम्ही दोघी एकाच एसटीनं तहसीलला गेलो.