बांगडीच्या मापाचं पिस्तूल

पनवेलजवळच्या एका ठाण्यात मेजावर ठेवलेलं ते पिस्तूल अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. साठच्या दशकाची सुरुवात होती. मी नवखी फौजदार, इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत बोलायला बुजणारी. खून झालेल्या एका मिठागर मालकाच्या विधवेचा जबाब घ्यायला बाई अधिकारी हवी, म्हणून मला बोलावलं होतं.

मालकाला भरदुपारी राहत्या घरात गोळी लागली होती. "मी मागच्या दारी होते. कोणी आलं, मारून पळालं. घरात हत्यार नव्हतंच," एवढंच विधवा सांगत होती. मग जवळच्या आपटा गावाहून खबर आली, की मिठागरावर राबणारा एक कातकरी पिस्तूल विकायला बघतोय. झडतीत ते मिळालं. ठाण्याच्या साहेबांच्या दृष्टीने तपास संपला होता. कोठडीत फक्त कबुलीसाठी मारहाण चालली होती. कातकऱ्याची बायको बाहेर ओट्यावर बसून होती.

"मी नाय मारला मालकाला," तो म्हणे. "मना मालकाच्या घराच्या मांगं नाल्यान गावला."

"नाल्यात पिस्तुलं पिकतात काय रे?" हवालदार म्हणाला.

रिकामं केलेलं ते पिस्तूल मी हातात घेतलं. महायुद्धात सैन्याने वापरलेला तो जुना, जड नमुना. प्रशिक्षणात मी तो चालवला होता. मूठ हातात मावायची नाही, ट्रिगरपर्यंत बोट ताणावं लागायचं. हे मात्र सहज बसलं. मुठीचं लाकूड तासून बारीक केलं होतं, ट्रिगर मागे आणला होता, नेम धरायची माशी उंच करून पांढरी रंगवली होती.

"साहेब, हे लहान हातासाठी मुद्दाम बनवून घेतलंय."

"बाई, तुम्ही जबाबाचं बघा."

मी वाद घातला नाही. असं काम कोण करतं, ते हवालदाराला विचारलं. पनवेलला मोटार दुरुस्ती करणारा एक मिस्त्री होता, पूर्वी सैन्यात हत्यारं दुरुस्त करायचा. तो आधी कानावर हात ठेवून मोकळा झाला. एक गरीब माणूस फासावर जाईल म्हटल्यावर खाली बसला.

"मालक म्हणाले, नव्या पद्धतीचं करून दे, बायकोला चालवता आलं पाहिजे. ते मिठागरावर मुक्कामाला असायचे, घरी ती एकटी, चोरांची भीती. हाताचं माप म्हणून तिची बांगडी दिली होती." ती बांगडी त्याच्या खणात अजून होती.

मी ती बांगडी विधवेसमोर ठेवली. तिच्या उघड्या मनगटांवर चटक्यांचे जुने डाग होते. तिने बांगडी उचलून फिरवून पाहिली.

"ही हरवली म्हणून मला मारलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "म्हणजे नेली त्यांनीच?"

मी मान डोलावली.

"चोर कधी आला नाही, बाई. मारणारे मात्र मुक्काम संपला की घरी यायचे."

"नाल्यात फेकलेलं पिस्तूल ज्याने उचललं, त्याला आत मारतायत," मी म्हणाले.

"त्याला सोडा. गोळी मी झाडली," ती म्हणाली. हेच तिने पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर सांगितलं. तिला जन्मठेप झाली.

कातकऱ्याला सोडताना साहेब म्हणाले, "नशीब तुझं. जा."

"मंग मना मारला कशाला?" त्याने शांतपणे विचारलं.

साहेब कागद चाळत राहिले. त्याला पाय टेकवत नव्हते. बायकोने त्याचा हात खांद्यावर घेतला आणि दोघं गेली. त्या हंगामात तो मिठागरावर दिसला नाही.

पुढे नोकरीत मी बरीच नवी पिस्तुलं चालवली. हलकी, जास्त गोळ्यांची, बाईच्या हातालाही बसणारी. हत्यारातली सुधारणा मला हातात घेताच कळायची. पण माणसाला मारल्याशिवाय तो खरं बोलत नाही, हा समज मला ठाण्याठाण्यात भेटला, आणि तो बदलायला माझी सगळी नोकरी अपुरी पडली.