ब्रेक बांधणाऱ्याची जागा

लष्करातून निवृत्त होऊन मला बारा वर्षं झाली. पारोळ्याजवळ अमळनेर रस्त्याला माझी पत्र्याची शेड आहे, मागेच घर. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, एखादा दमलेला टेम्पो, जे येईल ते बघतो. पण गेल्या महिन्यात दारात जी गाडी येऊन उभी राहिली, ती पाहून हातातला चहा तसाच राहिला. सहा चाकांचा फौजी ट्रक. लिलावात विकला गेलेला, वरून निळा रंग फासलेला. दाराच्या फटीत मात्र जुना हिरवा अजून दिसत होता. अशाच गाड्यांच्या पोटाखाली माझं तारुण्य गेलं. मला भरून आलं, त्यात लाज कसली.

मालक स्वतःच गाडी चालवत होता. सातपुड्याच्या पायथ्याचा, चाळिशीतला माणूस. बोअरचे पाइप भरून आणि मागे सहा-सात मजूर बसवून तो पाड्यांवर जातो. मागच्या चाकांचे ब्रेक चेंबर खराब झाले होते. चेंबर म्हणजे एक लोखंडी डबा. ब्रेक दाबला की त्यात हवा शिरते, आतला रबरी पडदा दांड्याला ढकलतो आणि चाक धरलं जातं. पडदा फाटला की हवा निघून जाते, आणि डोंगरउतारावर हवा निघून गेली तर काय होतं ते सांगायला नको. त्याचं म्हणणं, एकाच बाजूचा बदला, दुसरा अजून चालतोय. मी खास फौजी आवाजात सांगितलं, बदलायची तर जोडी, नाहीतर गाडी वळव. तो मुकाट्याने धुळ्याला गेला आणि जोडी घेऊन आला.

आता माझं गुपित सांगतो. दोन वर्षांपासून मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. इंजिनांच्या शेजारी आयुष्य काढल्याचं हे बक्षीस. मोठ्याने बोललेलं कळतं, ओठांवरूनही कळतं, पण गळणाऱ्या हवेची शिट्टी गेली. आणि कान गेलेल्या माणसाने ब्रेकला हात लावू नये, हे मला दुसऱ्या कोणी शिकवायला नको होतं. पण हे काम सोडलं तर मी दिवसभर करू काय? म्हणून कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कामाला लागलो. चाकांना दगड लावले. मागच्या चेंबरमध्ये एक जबरदस्त स्प्रिंग असते, सुटली तर माणसाचं डोकं घेऊन जाते. ती आधी लांब बोल्टने आवळून ठेवली. मग टाकीतली हवा सोडली. हवेच्या नळ्यांना खुणेचे दोरे बांधले, जुन्याच्या मापाने नवा दांडा कापला. हात एकदाही अडखळले नाहीत. पाठीखाली पोतं, नाकात ग्रीसचा वास, आणि आमचा उस्ताद आठवला.

उस्ताद म्हणजे आमच्या वर्कशॉपमधला जुना हवालदार. त्याचा एकच कायदा होता: "जिसने ब्रेक बाँधा, वो पहले बैठेगा." दुरुस्त झालेली गाडी पहिल्यांदा घाट उतरेल तेव्हा ब्रेक बांधणारा ड्रायव्हरच्या शेजारी बसलाच पाहिजे. माझ्या पहिल्या उतरणीला मी दाराची कडी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. खाली गाडी थांबली, ड्रायव्हरने पाय उचलला आणि फुस्स करून हवा सुटली. जगात त्याहून गोड आवाज मी ऐकलेला नाही. नोकरीभर बायको गावात राहिली. दर सुट्टीत मी तिला ही उतरण सांगायचो आणि शेवटी तोंडाने तो आवाज काढायचो. उस्ताद गळती नुसत्या कानाने शोधायचा. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं हे त्याच्या मते नवख्या रंगरुटांचं काम. तोच तोरा मीही जन्मभर मिरवला.

त्याच तोऱ्याने घात केला. टाकीत हवा भरली, मालकाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि चेंबरजवळ कान नेला. नुसतं नाटक. साबणाचं पाणी मागितलं असतं तर मालकाला काय कळणार होतं? पण चोराच्या मनात चांदणं. मी हात झटकून सांगितलं, काम झालं.

बायको पलीकडे बाजेवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. ती उठून गाडीपाशी आली.

"हवा निंघी राह्यनी," ती म्हणाली.

गाडीतलं तुला काय कळतं, असं मी तिच्यावर खेकसलो. ती घरात गेली, भांड्यांच्या साबणाचा फेस वाटीत घेऊन आली आणि वाकून एका जागी बोट दाखवलं आणि तिथेच तो ओतला. आतल्या बाजूच्या नळीच्या नटावर बुडबुडे यायला लागले. मग माझ्यासमोर बसून ती हळूच म्हणाली, "तुमले आयकू येस नही. दोन वरीस व्हई ग्यात, माले माहीत शे."

दोन वर्षं बायको प्रत्येक गोष्ट माझ्यासमोर येऊन, तोंडाकडे बघून बोलायची. मला वाटायचं, म्हातारपणी प्रेम वाढलं. तसं ते वाढलेलंच होतं म्हणा.

नट आवळला. मग रंगरुटासारखा एकेका सांध्याला फेस लावला, दोन्ही बाजूंना. मालकाला उभं करून सगळं खरं सांगितलं: माझे कान गेलेत, गळती हिने शोधली, विश्वास नसेल तर गाडी दुसरीकडे दाखव. सकाळीच मी त्याला उस्तादचा कायदा ऐकवला होता. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "मंग आते गाडीमा कोन बसी, आबा?"

मी म्हटलं, दोघं.

पायरी उंच होती. बायकोने पदर खोचला, मी खालून हात दिला, आणि माझ्या सगळ्या नोकरीत जी कधी अशा गाडीत बसली नाही ती मध्ये जाऊन बसली. बोरी नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला मालकाने गाडी सोडली. अर्ध्या उतारावर त्याने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, सरळ रेषेत थांबली. त्याने पाय उचलला.

मला काहीच ऐकू आलं नाही. मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे तोंड वळवलं, गाल फुगवले आणि ओठांनी म्हटलं, "फुस्स."